कष्टकऱ्याचा जोडा : झिजलेल्या तळाचा इतिहास



मराठीत एक वाक्प्रचार फार चालता आहे. एखाद्याचे काम कचेरीत अडकले, आज या, उद्या या, साहेब रजेवर आहेत, असे ऐकता ऐकता वर्ष लोटले, की तो वैतागून म्हणतो, "जोडे झिजले, पण काम काही झाले नाही !" श्रमाचे माप म्हणून आपल्या भाषेने जोड्याचा तळ निवडला, ही मोठ्या शहाणपणाची गोष्ट आहे. घाम वाळून जातो, हातावरचा घट्टा बरा होतो; पण तळ जितका झिजला तितका झिजलाच. तो खोटा हिशेब देत नाही.

मात्र या वाक्प्रचारात एक गृहीत दडले आहे. बोलणाऱ्याच्या पायात जोडे आहेत, असे तो धरून चालतो. ज्यांच्या पायात जोडेच नव्हते, किंवा होते पण तळ केव्हाच गेलेला होता, त्यांचे काय झिजत होते ? या एका प्रश्नाभोवती आजचे व्याख्यान आम्ही गुंफले आहे. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. शाळा लवकर सुटली; पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या सभांत. पण रस्ता, खाण, गोदी आणि रेल्वेची खडी यांवर राबणाऱ्या माणसांत आयुष्य गेल्यामुळे इतिहासाकडे खालून, म्हणजे अगदी तळाकडून, पाहण्याची सवय लागली आहे. राजाच्या मुकुटाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आपण आज मजुराच्या तळाचा पाहू.

प्रथम तळ झिजतो म्हणजे काय होते, ते समजून घेऊ. चालताना बहुतेक माणसांची टाच बाहेरच्या कडेने जमिनीला टेकते, म्हणून टाचेची बाहेरची मागची कड आधी जाते. मग अंगाचा भार चवड्यावर येतो, आणि पाऊल उचलता उचलता अंगठ्याच्या मुळाशी किंचित वळते. या वळण्यात तळ जमिनीवर घासला जातो आणि तिथे दुसरा खड्डा पडतो. नुसत्या भाराने तळ फारसा झिजत नाही. तो झिजतो घसटीने. त्यात मध्ये वाळू आली की पाहायलाच नको. गारगोटीचा कण लोखंडाहून कठीण असतो. तो तळाखाली सापडला की प्रत्येक पाऊल म्हणजे कानशीचा एक हात. डोक्यावर पाटी असली की घसट वाढते, चढउतार असला की आणखी वाढते. जुना जोडा उलटा करून पाहिला तर धनी कोणते काम करतो याचा अंदाज जाणत्या चर्मकाराला येतो. दिवसभर शिडीवर उभ्या राहणाऱ्या तारवाल्याचा तळ मधोमध झिजतो, कारण शिडीची पायरी तिथे रुतते.

दुसरी गोष्ट अशी की "टिकाऊ तळ" अशी एकच वस्तू जगात नाही. कातडे कोरड्या जमिनीवर चांगले टिकते. पण भिजले की फुगते, मऊ पडते आणि भराभर झिजते. ओला जोडा चुलीपाशी वाळवला तर ते कडक होऊन तडकते. चुना आणि सिमेंट कातड्याला खातात. साधे रबर पाण्यात उत्तम. पण तेलात फुगते. लोखंडी खिळे मारलेला तळ मातीत पकड घेतो आणि गुळगुळीत फरशीवर दगा देतो. दारूच्या कारखान्यात तर असा जोडा घालून जायलाच मनाई असे, कारण एक ठिणगी पुरे होते. म्हणून जोडा टिकाऊ आहे असे कोणी सांगितले की कामगाराने विचारावे, कोणत्या जमिनीवर, किती चालीवर आणि कोणाच्या अंगाखाली ?

आता इतिहासाकडे वळू. तळाला खिळे मारण्याची युक्ती फार जुनी आहे. रोमन शिपायाच्या जोड्याला कातड्याचे अनेक थर असत आणि खाली मोठ्या डोक्याचे लोखंडी खिळे ठोकलेले असत. झीज खिळ्याने सोसायची आणि कातडे वाचवायचे, हे त्यामागचे तत्त्व. आपल्याकडे टाचेला नाल ठोकतात, त्यातही हेच तत्त्व आहे. या जोड्यांवर रोमच्या फौजा अर्धे जग चालून आल्या. पण त्याच खिळ्यांनी घात केल्याची हकिगत जोसेफस या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात ज्युलियानस नावाचा एक शूर शतनायक मंदिराच्या फरसबंदीवर शत्रूच्या मागे धावला. खिळ्यांच्या जोड्यामुळे तो घसरला, चिलखतासह आदळला, आणि उठण्यापूर्वीच वेढला जाऊन मारला गेला. जो तळ रस्त्यावर टिकाऊ, तोच फरशीवर प्राणघातक.

पण आम्हांला रोमची दुसरी एक हकिगत याहून मोलाची वाटते. सम्राट व्हेस्पेसियन याच्या कारकिर्दीत, म्हणजे इसवी सन ६९ ते ७९ या काळात, आरमारातील काही शिपायांना ओस्टिया आणि पुटिओली या बंदरांहून रोमपर्यंत आळीपाळीने पायी ये-जा करावी लागे. त्यांनी सम्राटाकडे मागणी केली की आम्हांला जोड्यांसाठी काही भत्ता मिळावा. मागणी किती साधी ! तुमच्या कामासाठी आम्ही चालतो, चालण्याने जोडे झिजतात, तर झिजेची भरपाई द्या. सम्राटाने काय उत्तर दिले ? नुसते "नाही" म्हणणे त्याला पुरेसे वाटले नाही. त्याने हुकूम सोडला की यापुढे यांनी अनवाणीच धावावे. आणि चरित्रकार सुएटोनियस लिहितो की, तेव्हापासून ते तसेच धावत आहेत.

सुएटोनियसने ही गोष्ट सम्राटाने फौजेला लावलेल्या शिस्तीच्या संदर्भात सांगितली. आम्ही ती वेगळ्या जागी ठेवतो. जोड्याच्या भत्त्याची ही फार जुनी नोंदलेली मागणी आहे, आणि तिला मिळालेले उत्तर सुमारे १९०० वर्षे थोड्याफार फरकाने तेच राहिले. मागणीचे कारणच नाहीसे करा : जोडा झिजतो ना ? मग जोडाच नको ! तळाचा खर्च धन्याने कातड्यावरून काढून माणसाच्या कातडीवर टाकला. पुढच्या सगळ्या इतिहासात हाच एक झगडा चालू आहे.

मधल्या शतकांत चर्मकाराने हळूहळू एक मोठी सुधारणा घडवली. तळ थेट वरच्या कातड्याला न शिवता त्याने मध्ये एक अरुंद पट्टी घातली. वरचे कातडे आणि आतला तळ पट्टीला शिवले, आणि बाहेरचा तळ वेगळ्या टाक्यांनी पट्टीला जोडला. वरवर पाहता ही लहानशी गोष्ट. पण तिचा अर्थ असा की बाहेरचा तळ झिजला तर तो उसवून नवा शिवता येतो आणि वरचा जोडा जसाच्या तसा राहतो. ही पद्धत ज्याने प्रथम वापरली त्याच्या ध्यानात एक सत्य आले होते : तळ झिजणारच. तेव्हा न झिजणारा तळ शोधण्यापेक्षा बदलता येणारा तळ करणे शहाणपणाचे. तळाचे कातडेही तसेच सावकाश तयार होई. विलायतेत ते ओकच्या सालीच्या पाण्यात महिनेच्या महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, हौदात पडून असे. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी तेच काम केले. रापी, आरी आणि दोरा एवढ्या सामग्रीवर ज्याने हे शास्त्र सांभाळले, त्याला आपल्या समाजाने गावाच्या कडेला बसवले. "पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण ज्यांनी रूढ केली त्यांना वहाणेची किंमत ठाऊक होती आणि वहाण करणाऱ्याची नव्हती.

जोड्याच्या टिकाऊपणाचा प्रश्न सरकारदरबारी पोचला तो लढायांमुळे. १८०९ साली स्पेनमधील कोरुन्याहून इंग्रज फौज माघार घेऊन परत आली, तेव्हा शिपायांच्या पायांची दुर्दशा झालेली होती. जोडे फाटून गेले होते, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. हे दृश्य मार्क ब्रुनेल या यंत्रज्ञाने पाहिले. (पुढे टेम्स नदीखालचा बोगदा याच गृहस्थाने बांधला.) त्याने १८१० मध्ये जोडे करण्याच्या यंत्रांचे पेटंट घेतले. त्यात तळ शिवायचा नाही, धातूच्या बारीक खिळ्यांनी वरच्या भागाला ठोकायचा. लंडनजवळ बॅटरसी येथे त्याने कारखाना काढला आणि कामावर घेतले ते लढाईत अपंग झालेले शिपाई. यंत्रे अशी सोपी केली होती की हात किंवा पाय गमावलेला माणूसही ती चालवू शके. ज्यांचे पाय वाईट जोड्यांनी गेले, त्यांनी इतरांसाठी चांगले जोडे करावेत, असा हा योग होता.

मग १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली, शांतता आली, आणि सरकारला शिपायांच्या पायांची गरज उरली नाही. मागणी थांबली. ब्रुनेलच्या कोठारात तयार जोड्यांचे ढीग पडून राहिले. त्याआधी १८१४ मध्ये त्याची लाकूड कापण्याची गिरणीही जळाली होती. शेवटी १८२१ मध्ये हा कर्तबगार माणूस कर्जापायी तुरुंगात गेला, आणि सरकारने पाच हजार पौंड दिल्यावर बाहेर आला. आता श्रोत्यांनी विचार करावा. त्या वर्षी इंग्लंडात खाणीत, शेतात आणि रस्त्यावर राबणारे लाखो लोक होते. त्यांना टिकाऊ जोड्यांची गरज नव्हती काय ? गरज होती, पण त्यांच्या जोड्यांचे बिल भरणारे कोणी नव्हते. शिपायाचा पाय लढाईपुरता राष्ट्राचा असतो. मजुराचा पाय नेहमीच त्याचा स्वतःचा.

अमेरिकेतही हेच झाले. मॅसॅच्युसेट्समध्ये लायमन ब्लेक याने १८५८ मध्ये तळ शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते गॉर्डन मॅके याने विकत घेऊन सुधारले, आणि १८६१ साली यादवी युद्ध सुरू होताच फौजेच्या बुटांसाठी या यंत्राला सुगी आली. मॅकेची व्यापारी अक्कल पाहा : तो यंत्रे विकत नसे, भाड्याने देई, आणि शिवलेल्या दर जोडामागे पट्टी घेई. त्यानंतर १८७० च्या सुमारास पट्टीची जुनी हातशिलाई यंत्राने करण्याची पद्धत चार्ल्स गुडइयर (धाकटा) याच्या नावाने प्रसिद्ध झाली. रबर पक्के करण्याची कृती १८३९ मध्ये ज्याने शोधली त्याच गुडइयरचा हा मुलगा. बापाने तळाला नवा माल दिला, आणि मुलाने तळ बदलण्याची जुनी सोय यंत्रयुगात टिकवून धरली.

या यंत्रांखाली कारागिरांचे काय झाले ? त्याच प्रांतातील लिन या जोड्यांच्या शहरात २२ फेब्रुवारी १८६० रोजी, मजुरी घसरल्यामुळे, चर्मकारांनी संप पुकारला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. मार्चमध्ये शेकडो स्त्रिया बर्फात मोर्चा घेऊन निघाल्या. पुढे याच लिनमध्ये यान मॅटझेलिगर हा सुरिनामहून आलेला कृष्णवर्णी कामगार राहिला. जोड्याचे कातडे फर्म्यावर ओढून बसवण्याचे काम यंत्राला जमणार नाही असे सगळे म्हणत. याने दिवसभर कारखान्यात राबून, रात्री जागून ते यंत्र केले आणि १८८३ मध्ये पेटंट मिळवले. हाताने दिवसाला पन्नास जोड होत, ते यंत्राने शेकड्यांनी होऊ लागले. मॅटझेलिगर मात्र १८८९ मध्ये क्षयाने वारला. त्याचे वय चाळिशीच्याही आत होते.

आता आम्ही ज्या प्रसंगावर जरा थांबणार आहोत तो इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यात घडला. तिथे रौंड्झ नावाचे एक गाव आहे. गावातील बहुतेक घरांत फौजेचे बूट हाताने शिवण्याचे काम चाले. युद्धखाते कंत्राटदारांना कंत्राट देई. कंत्राटदार एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी दर खाली आणीत. आणि खाली आणलेला दर शेवटी शिवणाऱ्याच्या मजुरीतून कापला जाई. श्रोत्यांत जे कंत्राटी कामावर असतील त्यांना ही साखळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९०५ च्या मार्चमध्ये गावाने संप केला. बूट कामगारांच्या राष्ट्रीय संघाने तिथे जेम्स ग्रिबल या संघटकाला पाठवले. ग्रिबल पूर्वी शिपाई होता. त्याने ठरवले की कंत्राटदाराशी भांडून उपयोग नाही. खरा धनी लंडनला बसला आहे, त्याच्या दारात जायचे आणि पायी जायचे.

शेकडो लोक तयार झाले. त्यांतून ११५ जण निवडले गेले. त्यांच्या तुकड्या पाडल्या, पुढे वाद्यवृंद ठेवला, आणि ८ मे १९०५ रोजी हा मोर्चा निघाला. सत्तर-ऐंशी मैलांची वाट. त्यांच्यात एक जण कुबड्यांवर चालत होता. वाटेतल्या गावांनी त्यांना जेवू घातले. चार-पाच दिवसांनी ते लंडनला पोचले. मंत्र्याने भेट नाकारली. तेव्हा ग्रिबलने पार्लमेंटच्या प्रेक्षकसज्जात उभे राहून भर सभेत गाऱ्हाणे मांडायला सुरुवात केली. त्याला उचलून बाहेर काढण्यात आले. पण आवाज पोचला होता. वर्तमानपत्रांनी तो देशभर नेला, लंडनच्या सभेला हजारोंनी गर्दी केली, सरकारला चौकशी नेमावी लागली, आणि अखेर दरांचा तंटा कामगारांना मान्य होईल अशा रीतीने मिटला.

या मोर्च्यातले मर्म ध्यानात घ्या. जे लोक साम्राज्याच्या शिपायांसाठी तळ शिवीत होते, त्यांना आपल्या शिवणाऱ्या हातांची किंमत पटवून देण्यासाठी स्वतःचेच तळ झिजवावे लागले. आणि जोड्याच्या टिकाऊपणाशी याचा सरळ संबंध आहे. जिथे दर कापला जातो तिथे टाका लांब पडतो, दोऱ्याला मेण कमी लागते, तळाच्या मधल्या थरात जाड कातड्याऐवजी तुकडे भरले जातात. पाहणाऱ्याला वरून काही दिसत नाही. दिसते ते पहिल्या पावसात, आणि तेही घालणाऱ्याला. म्हणून शिवणाऱ्याची मजुरी आणि घालणाऱ्याचा पाय ही एकाच दोऱ्याची दोन टोके आहेत, असे आम्ही मानतो.

पहिल्या महायुद्धाने आणखी एक धडा दिला. १९१४-१५ च्या हिवाळ्यात खंदकांतल्या थंड चिखलात दिवसचे दिवस उभे राहून हजारो शिपायांचे पाय सडले. तळ शाबूत होते, पाय गेले. वैद्यांच्या सांगण्यावरून मग कोरडे मोजे, पायांना तेल आणि पाळीपाळीने विश्रांती यांची व्यवस्था करावी लागली. म्हणजे तळाचे टिकणे आणि पायाचे टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाच धडा इंग्रजी फौजेला १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवर पुन्हा गिरवावा लागला. १९५० नंतरच्या दशकाअखेरीस तिने खिळ्यांचे जुने बूट सोडून साच्यात ओतलेल्या रबरी तळाचे बूट घेतले होते. तो तळ चांगला टिके. पण बुटात पाणी शिरे, आणि बेटांवरच्या ओल्या माळांत अनेक शिपायांना पाय सडण्याच्या त्याच जुन्या विकाराने गाठले. लढाईनंतर लवकरच बूट बदलण्यात आले.

रबराचा तळ आला कसा, तेही थोडक्यात पाहू. १९०४ च्या सुमारास इंग्लंडात असे आढळले की रबरात काजळीची बारीक पूड मिसळली तर ते झिजेला कितीतरी अधिक टक्कर देते. मोटारीचे टायर काळे असतात ते याच काजळीमुळे. पुढे १९३५ मध्ये इटलीतील आल्प्स पर्वतात मिलानच्या गिर्यारोहकांची एक तुकडी वादळात सापडली आणि सहा जण मरण पावले. खालच्या वाटेवर खिळ्यांचे जड बूट आणि वर खडकावर मऊ तळाचे हलके जोडे, अशी त्या काळची चाल होती. बर्फात ते हलके जोडे कुचकामी ठरले. त्यांचा सोबती व्हिताले ब्रामानी याने त्यानंतर खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये तो बाजारात आणला. त्याच्या नावाची अक्षरे जोडून झालेले "व्हिब्राम" हे नाव आज जगभर बुटांच्या तळांवर दिसते. १९५४ मध्ये के-टू शिखरावर प्रथम पोचलेल्या इटालियन तुकडीच्या पायांत हाच तळ होता.

आपल्याकडे काय चालले होते ? कानपूरला १८६० नंतर सरकारी खोगीर कारखाना निघाला, १८८१ मध्ये कूपर अ‍ॅलन कंपनी उभी राहिली, आणि दोन्ही महायुद्धांत तिथून फौजेला बूट गेले. बाभळीच्या सालीने कमावलेले ते कातडे, आणि ते कमावणारे हात, बहुतेक करून अस्पृश्य मानलेल्या समाजांचे. पण जे लोक या देशात रस्ते बांधीत होते, लोहमार्गाची खडी फोडीत होते, विहिरी खणीत होते, त्यांच्या पायांत बूट नव्हते. खडी फोडणाऱ्या बाईच्या टाचेला पडलेली भेग हाच तिचा तळ. डांबराच्या कामावर पायाला गोणपाट गुंडाळून उभे राहिलेले मजूर तर आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहेत.

पण कष्टकरी मुकाट बसला नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून टायरच्या तळाची चप्पल निघाली. रद्द झालेला टायर कापायचा, पायाच्या मापाने तळ काढायचा, त्याला पट्टे ठोकायचे. काजळी मिसळलेले तेच रबर, जे मोटारीखाली हजारो मैल चालले, ते मजुराच्या पायाखाली आणखी काही वर्षे चालू लागले. काटा आरपार येत नाही, खडी बोचत नाही, आणि तळ जाता जात नाही. प्रयोगशाळा आणि पेटंट यांच्यावाचून गावच्या चर्मकाराने लावलेला हा शोध आहे. त्याची जड, घामट आणि पाय घासणारी बाजूही आम्ही जाणतो. पण धन्याने जे दिले नाही ते गरजेने घडवले, एवढे त्याचे श्रेय त्याला द्यावे लागेल.

कायद्याने पाऊल टाकले ते स्वातंत्र्यानंतर. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी असे ठरवले की संरक्षक पादत्राणाशिवाय कोणी खाणीत उतरू नये, आणि ते मालकाने विनामूल्य पुरवावे. चंद्रपूर-बल्लारपूरपासून वणीपर्यंतच्या आपल्या वऱ्हाड-विदर्भातील खाणकामगारांनाही हा नियम लागू झाला. २०१७ मध्ये जुन्या विनियमांची जागा नव्यांनी घेतली, पण पादत्राणाची तरतूद राहिली. व्हेस्पेसियनच्या शिपायांनी मागितलेली गोष्ट निदान एका धंद्यात कायद्याच्या पुस्तकात आली. आम्ही हा लहान विजय मानीत नाही.

तरीही कागदावरचा जोडा आणि पायातला जोडा यांत अंतर असते. एका ठिकाणच्या कामाची हकिगत सांगतो; नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे कामगाराला वर्षाला एक जोड मिळे. कचेरीत बसणाऱ्यालाही एक, आणि दिवसभर खडीवर चालणाऱ्यालाही एक. खडीवरच्या माणसाचा तळ चार महिन्यांत जाई, आणि उरलेले आठ महिने तो पुठ्ठा घालून काढी. आम्ही बोलणी करायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, "मुदत भरलेली नाही." दुसऱ्या खेपेला कामगारांनी आपले जोडे बरोबर आणले आणि टेबलावर तळ वर करून मांडले. खोलीत कोणी काही बोलले नाही. कॅलेंडर खोटे बोलत होते आणि तळ खरे बोलत होते, हे समोरच्यांनाही दिसत होते. त्यानंतर मुदतीऐवजी झीज पाहून जोडा बदलून देण्याचे ठरले.

आजचे शास्त्र याबाबतीत पुढे गेले आहे. संरक्षक बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आणि त्याच धर्तीवरच्या भारतीय मानकात, तळाच्या झिजेची परीक्षा ठरलेली आहे. तळाचा छोटा तुकडा ठराविक भाराखाली खरकागद गुंडाळलेल्या फिरत्या पिंपावर ४० मीटर घासतात आणि किती माल गेला ते मोजतात. दाट रबराचा १५० घनमिलिमीटरहून आणि हलक्या तळाचा २५० घनमिलिमीटरहून अधिक माल जाता कामा नये. पुढच्या टोकाच्या पोलादी टोपीवर २०० जूलचा आघात करून पाहतात. चांगली गोष्ट आहे. पण पिंप सपाट असते, कोरडे असते आणि डोक्यावर पाटी घेऊन चढत नाही. परीक्षा पास झालेला तळ खडीवर किती दिवस टिकेल, ते सांगायला खडीवर चालणाराच लागतो.

शिवाय एक नवे संकट आले आहे. आजचे पुष्कळ स्वस्त बूट पॉलियुरेथेन नावाच्या हलक्या मालाच्या तळाचे असतात. तो मऊ, हलका आणि घसटीला चांगला. पण त्याच्या काही जाती हवेतल्या दमटपणाने आतून कुजतात. कोठारात दोन-चार वर्षे पडलेला, पायात एकदाही न घातलेला बूट काढावा आणि पहिल्याच दिवशी तळाचे बिस्किटासारखे तुकडे पडावेत, असे घडते. कोकणच्या आणि मुंबईच्या दमट हवेत तर विशेष. न चालताच झिजणारा तळ मानवजातीने प्रथमच तयार केला आहे ! आणि तो साच्यात ओतून वरच्या भागाला कायमचा चिकटवलेला असल्यामुळे कोपऱ्यावरच्या चर्मकाराला त्यात फारसे काही करता येत नाही. पूर्वी हाफसोल मारून, टाच बदलून, चार चुका ठोकून जोडा आणखी वर्षभर चाले. आता तळ गेला की जोडा गेला. जुन्या कारागिराने पट्टी घालून जे शहाणपण दाखवले होते, ते आपण स्वस्ताईपायी सोडून दिले. आणि नवा जोडा घेण्याचा खर्च बहुतेक कंत्राटी कामगाराच्या खिशातूनच जातो.

सारांश, या सबंध इतिहासातून आम्हांला एकच गोष्ट दिसते. टिकाऊ तळ कसा करावा हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अडले ते ज्ञानामुळे नव्हे, तर बिल कोणी भरायचे यावर. जेव्हा झीज धन्याच्या खात्यावर पडली तेव्हा तळ सुधारला. जेव्हा ती मजुराच्या खात्यावर पडली तेव्हा तळ होता तिथेच राहिला आणि पाय झिजला. पोलादी टोपी बुटात लवकर आली, कारण बोटे चिरडली की अपघाताची नोंद होते. झिजलेल्या तळाने जे होते, म्हणजे घसरणे, गुडघा दुखणे, टाच फुटणे, कंबर जाणे, त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

म्हणून कामगारांनी करारात नुसते "बूट मिळावेत" एवढे लिहून समाधान मानू नये. बूट पायाच्या मापाचे असावेत, आणि स्त्रियांना स्त्रियांच्या मापाचे. जमीन पाहून तळ निवडावा : तेलात एक, पाण्यात एक, खडीवर एक. भिजणाऱ्या कामावर दोन जोड असावेत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा घालता येईल. तयार झाल्याची तारीख पाहूनच बूट घ्यावेत. मुदत कॅलेंडरवर न मोजता तळावर मोजावी. जिथे शक्य तिथे तळ बदलता येईल असा जोडा घ्यावा आणि ते काम स्थानिक चर्मकाराला योग्य मोबदल्याने द्यावे. आणि हे सारे कायम कामगाराइतकेच कंत्राटी कामगारालाही मिळावे, कारण खडी दोघांच्या पायांखाली सारखीच असते.

आणि आपण नगरवासीयांनी काय करावे ? उद्या आपल्या गल्लीत गटार उपसायला, रस्ता खणायला किंवा तारा ओढायला माणसे येतील. त्यांच्या पायांकडे एकदा पाहावे. तळ गेला असेल तर त्यांना दोन-चार रुपये देऊन मोकळे होऊ नये. ते ज्याचे काम करीत आहेत त्याला विचारावे, की यांच्या जोड्यांचे बिल कोण भरतो? त्या नगरपालिकेचे, त्या कंपनीचे पैसे शेवटी आपलेच असतात. म्हणजे हा प्रश्न फिरून आपल्याच दारात येतो, आणि त्याचे उत्तर देणे आपल्याला भाग आहे.